खांबापर्यंतचा नियम

ठरावाच्या बाजूनं हात वर करणाऱ्यांत व्हॅनकाकांचा हात सगळ्यांत आधी वर गेला होता. पुढे महिनाभर त्यांना स्वतःच्याच हाताचा राग येत राहिला.

ठराव तसा साधाच होता. शाळेच्या गल्लीत, शाळा भरताना आणि सुटताना, उभ्या गाडीचं इंजिन बंद ठेवायचं. फाटकाशी गल्लीतलंच कुणीतरी वही घेऊन बसेल आणि चालू इंजिनाची नोंद करील. एका गाडीच्या तीन नोंदी झाल्या की तिचा गल्लीत शिरायचा पास महिनाभर रद्द. महिना झाल्यावर सुनावणी, आणि नियम ठेवायचा की बदलायचा ते तिथे ठरणार. "हा नियम कार्यालयाचा नाही, तुमचा आहे," असं प्रभागाच्या अधिकारी मॅडम म्हणाल्या होत्या, आणि लोकांना ते आवडलं होतं.

काकांच्या डोळ्यांपुढे तेव्हा होत्या त्या काळ्या काचांच्या मोटारी. एक पोर न्यायला एक मोटार यायची आणि आत गारवा राहावा म्हणून अर्धा अर्धा तास घुरघुरत उभी राहायची. आपली व्हॅन त्यांच्या ध्यानीमनीही नव्हती. चौदा मुलं एका गाडीत, म्हणजे आपण उलट धूर वाचवतो, असंच ते धरून चालले होते. नुसता हात वर करून ते थांबले असते तरी एक वेळ ठीक. पण दुसऱ्या दिवशी गल्ली मोजायला माणूस आला तेव्हा टेपचं दुसरं टोक धरायलाही काकाच पुढे झाले. फाटकापासून निघून ते दिव्याच्या खांबापर्यंत गेले. खांबापाशी गल्ली वळते आणि शाळेच्या मागच्या बाजूला जाते. मोजणारा ओरडला, "अजून पुढे घ्यायचं का?" काका वळणापलीकडे बघून म्हणाले, "कशाला? खांबापर्यंत पुरे. तिकडे कोण उभं राहतंय."

साठ मीटर. कागदावर साठ लिहिलं गेलं आणि खांबाच्या बुडाशी पिवळा पट्टा मारला गेला.

आता व्हॅनचं दुखणं काय होतं ते सांगायला हवं, कारण सगळा घोर त्याचाच होता. व्हॅन होती डिझेलची आणि तिचा डिझेल पंप झिजला होता. सकाळी गार असताना ती एका सेल्फमध्ये सुरू व्हायची. पण एकदा तापली आणि बंद केली की संपलं. मिस्त्रीनं नीट समजावून सांगितलं होतं, "काका, गाडी बंद केली म्हणजे लगेच गार होते असं नाही. उलट इंजिनाची धग वर पंपात चढते. तापलेला पंप डिझेल दाबत नाही. तास दीड तास वाट बघा, नाहीतर पंपावर ओली फडकी ठेवा. आणि खरं विचाराल तर पंप काढून माझ्याकडे द्या, आठ दिवसांत नवा करून देतो."

आठ दिवस गाडी उभी ठेवायची म्हणजे चौदा घरांना कारण सांगायचं. कारण सांगायचं म्हणजे गाडी रस्त्यात दगा देऊ शकते हे कबूल करायचं. काकांच्या आधी ह्या रस्त्यावर जो व्हॅनवाला होता, त्याची गाडी एकदाच, फक्त एकदाच, चौकात बंद पडली होती. आठवड्याच्या आत त्याची सगळी मुलं काकांकडे आली होती. आणि आता काकांच्या मागे एक नवी कोरी पांढरी व्हॅन टपून होती. तिच्या काचेवर फोन नंबर एवढा मोठा लिहिलेला, की तो न वाचता पुढे जाणं आंधळ्यालाच जमावं.

म्हणून काकांनी एक रीत पाडली होती. दुपारी बाराला गाडी काढायची, ती मुलं घरोघरी सोडून परत आपल्या दारात येईपर्यंत बंद करायचीच नाही. ओल्या फडक्यांचा उपाय शाळेपाशी करता येण्यासारखा नव्हता. इंजिन पुढच्या सीटखाली. सीट उचलून, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवाव्या तशा पंपावर घड्या ठेवायला लागल्या, तर बघणाऱ्याला वेगळं काही सांगावं लागलं नसतं.

हे गुपित फक्त बायकोला ठाऊक होतं. घरातल्या शिलाईयंत्रावरून मान न उचलता ती म्हणायची, "तुमची गाडी तुमच्या आत्यासारखी आहे हो. एकदा बसली की चहा घेतल्याशिवाय उठत नाही."

नियम लागू झाला त्या सोमवारी वही घेऊन फाटकाशी कोण बसावं, तर बाई. ह्याच शाळेत चाळीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेल्या, फाटकासमोरच्या घरात राहणाऱ्या. काकांनाही त्यांनीच शिकवलं होतं. म्हणजे त्यांनी शिकवलं होतं आणि काका बहुतेक वेळ बाकावर उभे होते. त्या त्यांना अजून बाकबहाद्दर म्हणत.

बाईंच्या मांडीवर वही आणि हातात कार्यालयानं दिलेलं यंत्र होतं. मोबाईलएवढं, वर बारीक जाळी, पडद्यावर हवेतल्या बारीक धुळीचा आकडा. बाईंनी त्याच्या पाठीला चिकटपट्टी लावून तिच्यावर लिहून ठेवलं होतं: साठच्या खाली बरी, शंभराच्या वर वाईट.

"बाकबहाद्दर, इंजिन."

"बॅटरी चार्ज होतेय बाई. दोनच मिनिटं."

बाईंनी घड्याळात बघून दोन मिनिटं जाऊ दिली. मग वहीत लिहिलं. मंगळवारी पुन्हा.

"आज काय चार्ज होतंय?"

"आज पंखा आहे. मुलांना उकडतं."

"मुलं अजून वर्गात आहेत. पंखा कुणाला घालतोयस, सीटांना?" बाईंनी दुसरी नोंद केली, वही मिटली आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "हे बघ, तिसरी मी लिहिणारच. तू आहेस म्हणून गाळणार नाही. काही अडचण असेल तर सांग."

"कसली अडचण? काही नाही," काका म्हणाले, आणि त्या रात्रीचं जेवण त्यांना गोड लागलं नाही.

बुधवारी त्यांनी व्हॅन खांबापलीकडे, वळणावरून आत नेऊन उभी केली, इंजिन चालू ठेवून. तिथे त्यांच्याआधीच दोन काळ्या काचांच्या मोटारी घुरघुरत होत्या. एका ड्रायव्हरनं काच खाली करून हात केला. "या काका, आपलीच गल्ली आहे." पुढच्या आठवड्यात तिथे अकरा गाड्या झाल्या, तिसऱ्या आठवड्यात जागा धरायला पावणेबारालाच यावं लागू लागलं.

फाटकापाशी मात्र चमत्कार झाला होता. पहिल्या दिवशी एकशे बेचाळीस असलेला आकडा शंभरावर आला, मग ऐंशीवर, मग साठच्या खाली. बाई रोजचा आकडा फळ्यावर लिहून फाटकाला टांगत. जाणारे येणारे थांबून वाचत आणि आपण काहीतरी केलं असं तोंड करून पुढे जात. काकाही वाचत. त्यांना वाटे, चला, आपलंही निभलं आणि नियमाचंही.

ते फार दिवस वाटलं नाही. त्याला कारण झाली पोपट.

पोपट म्हणजे काकांच्या गाडीतली सगळ्यांत धाकटी मुलगी, बालवर्गातली. मोठ्यांनी बोललेलं जसंच्या तसं बोलून दाखवायची म्हणून हे नाव. ती पुढच्या सीटवर, काकांच्या शेजारी बसायची. एका दुपारी तिनं ओढणी सावरल्यासारखं केलं, आवाज बारीक केला आणि म्हणाली, "खिडक्या लावा रे बाळांनो, आल्या गाड्या."

"हे कोण म्हणतं गं?"

"आमच्या ताई. रोज. मग आम्ही फटीत कागद कोंबतो. माझी फट खालची आहे."

"कागद कशाला?"

"काळा वास येतो," पोपट म्हणाली, आणि मग ताईंसारखी नाही, स्वतःची स्वतः खोकली.

दुसऱ्या दिवशी काकांनी गाडीतून उतरून पहिल्यांदाच भिंतीकडे नीट पाहिलं. व्हॅनच्या मागच्या नळकांड्यापासून पाच पावलांवर बालवर्गाच्या तीन खिडक्या होत्या. बुटक्या, लहान मुलांच्या मापाच्या. तिन्ही बंद. फटींत वर्तमानपत्राचे बोळे, आणि भिंतीवर नळकांड्याच्या उंचीला एक काळपट धब्बा. आतून चाळीस मुलांच्या मोठ्यानं आकडे म्हणण्याचा आवाज येत होता. एकोणीस, वीस, आणि मध्येच कुणाचा तरी खोकला, की पुन्हा एकोणीस.

तिकडे कोण उभं राहतंय, असं आपणच म्हणालो होतो, हे काकांना आठवलं. टेपचं टोक त्यांच्याच हातात होतं.

त्या दिवसापासून त्यांचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. इंजिन बंद करावं तर मुलं अडकणार. फाटकाशी जावं तर तिसरी नोंद. आणखी लांब जावं तर चौदा मुलांना मोठा रस्ता ओलांडायला लावायचा. एकदा त्यांनी व्हॅन दहा पावलं पुढे नेऊन उभी केली, तर मागची मोटार लगेच त्यांच्या जागेवर सरकली.

शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी बायकोला सांगितलं, "उद्या सुनावणी आहे."

"मग?"

"बोलावं म्हणतो."

तिनं यंत्र थांबवलं. "मागच्या वेळी हात वर केलात, त्याचं काय झालं ते पाहिलंत ना? आता तोंड उघडायचं आहे?"

"मी नाही बोललो तर कुणाला कळायचं नाही. बाई फाटकाशी बसतात. त्यांना वळणापलीकडचं दिसत नाही."

"आणि बोललात तर गाडीचं कळेल. सगळ्यांना." ती सुईत दोरा ओवू लागली. "सोमवारी गाडीत किती पोरं असतील?"

काकांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली आणि मध्येच सोडून दिली. तिनं यंत्र पुन्हा सुरू केलं.

सुनावणी शनिवारी साडेअकराला होती, शाळेच्याच वरच्या सभागृहात. शाळा सुटायची साडेबाराला. काका पावणेबाराला धापा टाकत वर आले, तेव्हा बाई उभं राहून महिन्याचे आकडे वाचत होत्या. "पहिला दिवस एकशे बेचाळीस. काल एक्कावन्न." टाळ्या झाल्या. काकांनीही वाजवल्या.

अधिकारी मॅडम खूश होत्या. "हे लोकांनी केलंय," त्या म्हणाल्या. "मी प्रस्तावच आणलाय. शहरातल्या आणखी एकोणीस शाळांना हाच नियम. फाटकापासून साठ मीटर. पुढच्या आठवड्यात मंजूर होईल. कुणाची हरकत?"

साठ मीटर. एकोणीस शाळा. काकांच्या मनात एकोणीस खांब उभे राहिले, आणि प्रत्येक खांबापलीकडे कुणाच्या ना कुणाच्या खिडक्या. त्यांनी डावीउजवीकडे पाहिलं. मागच्या रांगेत काळ्या काचांच्या मोटारींतली एक दोन माणसं होती, ती मोबाईलमध्ये बघत होती. पोपटची आई तिसऱ्या रांगेत होती. पंखा फिरत होता. मॅडमनी कागद उलटला.

"माझी," काका म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की त्यांना पुन्हा म्हणावं लागलं. "माझी हरकत आहे."

"नियमाला?"

"साठाला. ते साठ मीटर मीच मोजलेत मॅडम. म्हणजे टेप मी धरला होता. गल्ली वळते म्हणून मी खांबापाशी थांबलो, दुसरं काही कारण नव्हतं. धूर कमी झालेला नाही. तो वळून मागे गेलाय. सगळ्या गाड्या बालवर्गाच्या खिडक्यांखाली उभ्या राहतात."

सभागृहात कुजबूज झाली. मॅडमचा चेहरा पडला, पण बाईंचा जास्त पडला. वहीवर हात ठेवून त्या म्हणाल्या, "मी रोज बसत होते. वळून बघायला एकदाही गेले नाही." मग त्यांनी यंत्र उचललं. "बारा वाजायला आलेत. गाड्या आल्या असतील. चला, मोजून येऊ. तोंडी कशाला?"

सगळे उठले. खुर्च्या सरकल्या. काका जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर आले आणि थबकले. व्हॅन. व्हॅन खाली उभी होती, खिडक्यांखाली, कुलूप लावून, इंजिन चालू. सुनावणीला येताना ती बंद करून येण्याचा प्रश्नच नव्हता. साडेबाराला मुलं न्यायची होती.

पुढे धावून जावं का, असं त्यांच्या मनात आलं. पण जिन्यात वीस माणसं होती आणि सगळ्यांत पुढे बाई होत्या, कठडा धरून एकेक पायरी उतरत.

वळणावरून आत गेल्यावर कुणालाच काही बोलावं लागलं नाही. नऊ गाड्या घुरघुरत होत्या. लोक येताना दिसले तसे ड्रायव्हर सावध झाले. एकेक इंजिन बंद होत गेलं, जसं शिक्षक वर्गात शिरल्यावर एकेक आवाज बंद होतो. शेवटी एकच उरलं. रिकामी व्हॅन, आत माणूस नाही, मागून निळसर काळा धूर, आणि सगळं अंग थरथरतंय.

बाईंनी यंत्र खिडकीपाशी धरलं. आकडा वर चढत गेला. एकशे चौसष्टवर थोडा थांबला आणि एकशे अडुसष्टवर स्थिर झाला. आतून खिडकीच्या काचेला दोन तीन नाकं चिकटली होती.

"ही गाडी कुणाची?" मॅडमनी विचारलं.

"माझी," काका म्हणाले.

मागून कुणीतरी हसलं. "वा. हरकत घेणाऱ्याचीच?"

पोपटची आई पुढे आली. "काका, माणूस आत नाही आणि गाडी चालू? का?"

सांगायला कारणं पुष्कळ होती. बॅटरी होती, पंखा होता. काकांनी बाईंकडे पाहिलं. बाई फळ्याजवळ बोलावलेल्या मुलाला वेळ द्यावा तशा नुसत्या उभ्या राहिल्या.

"बंद केली की सुरू होत नाही," काका म्हणाले. "गरम असताना. पंप गेलाय. सहा महिने झाले."

"सहा महिने? आणि माझी मुलगी रोज ह्या गाडीत..." तिचा आवाज चढला नाही, उतरला. "तुम्ही सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर तुम्ही ठेवली असतीत?"

तिनं नजर खिडकीकडे वळवली. तेच उत्तर होतं, असं काकांना वाटलं.

त्यांनी खिशातल्या दुसऱ्या किल्लीनं कुलूप काढलं, आत हात घातला आणि किल्ली फिरवली. व्हॅननं एक आचका दिला आणि ती गप्प झाली. गल्लीत एवढी शांतता झाली की आतले आकडे स्वच्छ ऐकू येऊ लागले. काका पुढची सीट उचलून पिशवीतली फडकी शोधू लागले. लपवण्यासारखं आता काही उरलं नव्हतं.

"पंप सोमवारी कामाला देतो," ते सीटखालूनच म्हणाले. "आठ दिवस लागतील. आठ दिवस मुलांची सोय तुम्हाला करावी लागेल. नंतर ज्यांना पाठवायची त्यांनी पाठवा."

मॅडम आणि बाई तिथेच, भिंतीला टेकून, कागदावर लिहायला लागल्या. साठ मीटर खोडलं गेलं. शाळेच्या भिंतीला लागून जेवढी गल्ली तेवढी सगळी, आणि दुसऱ्या शाळांत आधी गल्लीतल्या माणसांनी शाळेभोवती एक फेरी मारायची, मगच रेघ ठरवायची, असं बाई शब्द निवडून सांगत होत्या. लिहिताना त्या एकदा थांबल्या. "बाकबहाद्दर, ही जागा आजपर्यंत नियमात नव्हती. त्यामुळे नोंद होत नाही. दोनच धरल्यात. सोमवारपासून धरीन."

"धरा बाई."

साडेबाराची घंटा झाली. मुलं वळणावरून धावत आली आणि नेहमीसारखी दारातून आत घुसायला लागली. आज मात्र बाहेर मोठी माणसं उभी होती. एका आजोबांनी दोन नातवंडांना हाक मारून खाली उतरवलं. सुनावणीहून आलेल्या आणखी दोघांनी आपापलं मूल घेतलं. पांढरी व्हॅन कोपऱ्यावर उभी होती, इंजिन बंद करून, अगदी नियमात, आणि तिच्या ड्रायव्हरनं दार उघडून ठेवलं होतं. दोन मुलांना त्यांच्या घरच्यांनी तिकडे नेऊन बसवलं. पोपटच्या आईनं पोपटला उचलून कडेवर घेतलं आणि ती म्हणाली, "आज मी नेते. पुढचं घरी विचारून सांगते." ती रागावली आहे की नाही, ते काकांना तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही.

गाडीत सात मुलं उरली. त्यांच्या घरून कुणी सुनावणीला आलंच नव्हतं, म्हणून उरली. त्यांच्या घरीही आज संध्याकाळी सांगायला जायचं होतं, एकेका दारात.

बारा पस्तीसला काकांनी सेल्फ मारला. नुसतंच कुईंऽऽ झालं. मुलं हसली. बाहेर थांबलेली दोन तीन माणसं हसली नाहीत.

"काका, बंद पडली?"

"बंद केलीय. तापलीय, गार करतोय." त्यांनी फडकी पिळून पाणी बदललं. "डिझेलचा पंप आहे ना, त्याला ताप आलाय. तापात कुणी पळतं का?"

"मग किती वेळ?"

"पंधरा मिनिटं."

"आम्ही मोजू?"

"मोजा."

सात जण मोठ्यानं सेकंद मोजायला लागले. दोनशेच्या पुढे त्यांचं चुकायला लागलं, भांडणं झाली, पुन्हा एकपासून सुरुवात झाली. बाईंनी आपली खुर्ची उचलून आणायला लावली आणि त्या वळणावर, खांबाच्या ह्या, खिडक्यांच्या बाजूला, येऊन बसल्या. काका पंपावर हात ठेवून उभे होते. अजून चटका बसत होता. बारा पंचेचाळीसला एका मुलानं विचारलं, आता बघायचं का, आणि काका म्हणाले, अजून नाही, आता मारला आणि नाही लागली तर बॅटरीही बसेल. मग त्यांनी फडकं उलटं केलं, गार बाजू खाली घातली आणि रस्त्याच्या टोकाकडे पाहिलं. बातमी फोनवरून पोचली असावी; तिथून एक रिक्षा वळत होती, आत कुणाची तरी आई. कुणाची, ते अजून दिसत नव्हतं.